चल्लकेरेची ड्रोन रेंज: गावकऱ्यांचा विरोध चुकीचा होता का?

माळावरचा: कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यात चल्लकेरेजवळ डीआरडीओची (संरक्षण संशोधन संस्था) ड्रोन टेस्टिंगची रेंज आहे, 2017 ला सुरू झाली. त्याआधी तिथं अमृतमहल जातीच्या गुरांचं राखीव कुरण होतं, मैसूरच्या राजांच्या काळापासूनचं. लोक मेंढरं चारायचे, लोकर कातरून घोंगड्या विणायचे, आणि एक दिवस बघतात तर कुरणाला भिंत. हरित लवादापर्यंत जाऊन आले पण भिंत काय हलली नाही. मला तर त्यांचं बरोबर वाटतं.

रिटायर्ड_फौजी: मग ड्रोन उडवायचे कुठं? 2025 च्या मे मध्ये पाकिस्ताननं रात्रीत शेकडो ड्रोन सोडले ते विसरलात वाटतं. अमेरिकेकडून 31 विकत घ्यायचे आणि आपल्यांना टेस्टिंगला माळ द्यायचा नाही. आणि गंमत म्हणजे ते कुरण मुळात फौजेच्या तोफा ओढणाऱ्या बैलांसाठीच राखलेलं होतं.

माळावरचा: हो पण बैल कुणाच्या शेतात कोसळत नव्हते. 2019 ला डीआरडीओचा रुस्तम ड्रोन पडला, 2023 ला तपस ड्रोन पडला हिरियूर तालुक्यात, दोन्ही वेळा रेंजच्या बाहेर, शेतात.

रिटायर्ड_फौजी: कोणी मेलं का? टेस्टिंग म्हटल्यावर पडणारच की.

सुमी: काका, हा लग्नातला ड्रोन नाही हो, पंख 20 मीटरचे आहेत. रानात खुरपायला बसलेल्या बाईला सांगून बघा पडणारच म्हणून.

नगरी_पाणी: आमच्याकडं नगरला खारे कर्जुन्याची के. के. रेंज आहे, लष्कराची, तिथं रणगाड्यांचा सराव चालला की घरातली भांडी वाजतात. त्याची सवय झाली. पण रेंज वाढवायची म्हणून राहुरी, नगर, पारनेरची 23 गावं टांगणीला, आणि राहुरीकडचे तर कितीतरी जण आधी मुळा धरणात उठले, मग कृषी विद्यापीठाला जमिनी गेल्या, आता तिसऱ्यांदा उठा म्हणायचं? अन् फौजी काका, आमच्या रोडवर पहाटे पोरं भरतीसाठी पळतात, त्यांचेच बाप मोर्चात असतात.

रिटायर्ड_फौजी: त्या बापांना सलाम. पण जागा कुठली ते अजून एकानं पण सांगितलं नाही. पोखरणला न्या म्हणा.

माळावरचा: न्या की. तिथं पण मेंढरंच चरतात.