सल्ला हवा : शॉर्टफिल्म ऑनलाईन अवॉर्डला पाठवावी का? (बजेट १० हजार, फक्त)

जतचा_पंपवाला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या. आम्ही चौघा मित्रांनी एक शॉर्टफिल्म केलीये. २२ मिनिटं, ब्लॅक अँड व्हाईट, संवाद जवळजवळ नाहीत. गावच्या नळपाणी योजनेचा ऑपरेटर रात्रभर लाईट यायची वाट बघत पंपहाऊसमध्ये बसतो, एवढीच गोष्ट. धमाल वगैरे काही नाही त्यात हे आम्हालाही माहितीये. फिल्मफ्रीवेवर, म्हणजे फेस्टिव्हलांना फिल्म पाठवायच्या साईटवर टाकली आणि लगेच मेलवर मेल सुरू. तुमचं काम अप्रतिम आहे, आमच्या अवॉर्डला पाठवा, हा घ्या ५० टक्के डिस्काउंट कोड. बहुतेक सगळे ऑनलाईन अवॉर्ड, दर महिन्याला निकाल, खास इंडिपेंडंट आर्टहाऊस फिल्मसाठी म्हणे. एका कॅटेगरीला तीसेक डॉलर. माझं बजेट एकूण १० हजार आहे आणि त्याच्या वर एक रुपया नाही कारण पैसे मामांचे आहेत. ह्यातलं कुठलं चांगलं, का सगळंच सोडून द्यावं? कुणी पाठवलंय का?

रिकामटेकडा_रमण्या
रुमाल टाकून ठेवतो.

कोथरूडचे_काका
अभिनंदन. पण शॉर्टफिल्म कशाला केली, त्याच मेहनतीत फीचर झाली असती. चैतन्य ताम्हाणेचा कोर्ट २०१४ ला व्हेनिस फेस्टिव्हलला गेला, तिथे ओरिझोंती विभागात बेस्ट फिल्म आणि वर पदार्पणाचं लायन ऑफ द फ्युचर, दोन्ही घेऊन आला. ऑनलाईन अवॉर्ड मिळवून नाही गेला. मी मुंबईच्या मामी फेस्टिव्हलपासून पुण्याच्या पिफपर्यंत रांगा लावून पिक्चर बघणारा माणूस आहे, थेटरात बसून बघितल्याशिवाय आर्टफिल्म कळत नाही आणि हे लोक लॅपटॉपवर बघून अवॉर्ड देणार? पिफच्या मराठी स्पर्धेला टाका सरळ.

एडिटर_निमा
काका, पिफची मराठी स्पर्धा फीचरसाठी असते, २२ मिनिटांची फिल्म तिथे कुठे टाकणार.

पंपवाले, माझं स्पष्ट मत, अडीच मिनिटं काढा. व्हेनिसला शॉर्टची मर्यादा टायटल्स धरून २० मिनिटं आहे, कान फेस्टिव्हलला १५, बर्लिनला ३०. २२ म्हणजे ना इकडचे ना तिकडचे. रात्रभर वाट बघायचीच गोष्ट आहे तर त्यातली दोन मिनिटांची वाट कमी केली तर कुणाला कळणारे?

सावकाश_सिनेमा
वाट बघण्याच्या फिल्ममधून वाट काढून टाका, वा! मग उरणार काय, पंप? ह्याच एडिटर लोकांनी मराठी सिनेमाची वाट लावलीये. आणि २२ ला बर्लिन चालतंय की, ऑस्करच्या शॉर्टला तर ४० मिनिटांपर्यंत चालतं. कापू नका.

एडिटर_निमा
मी सुचवलं फक्त. आणि "ह्याच एडिटर लोकांनी" वगैरे जपून बोला, रात्र रात्र बसून तुमचे फोकस गेलेले शॉट आम्हीच लपवतो.

फुकट_फौजदार
ऐका माझी गोष्ट. मी गेल्या वर्षी अशाच एका मासिक ऑनलाईन अवॉर्डला पाठवली होती, नाव घेत नाही, नावात युरोपातलं एक मोठं शहर होतं एवढं सांगतो. निकाल आला, बेस्ट सिनेमॅटोग्राफी! घरी पेढे वाटले, फेसबुकवर टाकलं, चारशे लाईक. मग जिथे फिल्म अपलोड केली होती ती व्हिमिओ साईट सहज उघडून बघितली तर फिल्मचा प्ले काउंट शून्य. शून्य म्हणजे शून्य हो, पासवर्ड टाकून कुणी उघडलीच नव्हती. मेलमध्ये एक पीडीएफ सर्टिफिकेट आणि लॉरेल, म्हणजे पोस्टरवर लावायचं पानांचं चिन्ह, ट्रॉफी हवी असेल तर तिचे पैसे वेगळे आणि कुरिअर वेगळं. त्याच कॅटेगरीत त्या महिन्यात माझ्यासकट इतके विजेते होते की त्यांचं गेट-टुगेदर करायला मंगल कार्यालय लागलं असतं. पाठवू नका.

न्यूजर्सीचा_नाना
इकडे अमेरिकेत राहून सांगतो, ऑनलाईन अवॉर्डला काही किंमत नाही. इकडचा सनडान्स फेस्टिव्हल बघा, २०२५ ला रोहन कानवडेच्या साबर बोंडंला वर्ल्ड सिनेमात ग्रँड ज्युरी प्राईझ मिळालं, मराठी फिल्म! तुम्ही सनडान्स, साउथ बाय साउथवेस्ट, ट्रायबेका असे चार-पाच ठिकाणी टाका. फी थोडी जास्त असते पण एकदा काय ती. शिवाय एक पब्लिसिस्ट ठेवा.

जतचा_पंपवाला
नाना, बजेट १० हजार आहे. रुपये.

न्यूजर्सीचा_नाना
हो ते वाचलं. पण स्वप्न मोठी बघा.

चहाची_टपरी
नाना फॉर्मात. +१ फौजदार. ह्या ऑनलाईन अवॉर्डवाल्यांचा धंदा आहे सगळा. माझ्या मित्राचंही सेम झालं, लॉरेलच लॉरेल, पोस्टरवर हिरोचा चेहरा दिसेना.

वहिनी_वर्सोवा
सगळं वाचलं. मी गेली काही वर्षं दोन-तीन फेस्टिव्हलांच्या प्रीव्ह्यू कमिटीवर आहे, फिल्म बघून वर पाठवायची की नाही ते ठरवायचं काम, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. ऑनलाईन आहे म्हणून वाईट असं नसतं. कोविडमध्ये २०२० ला भलेभले फेस्टिव्हल ऑनलाईनच झाले. बघायचं हे की फिल्म कुणाला तरी दाखवतात का. पेजवर नियम नीट वाचा, स्क्रीनिंगबद्दल एक ओळ नसेल आणि नुसत्या पन्नास कॅटेगऱ्या असतील तर ते दुकान आहे. ज्युरीची नावं आहेत का, ती माणसं खरी आहेत का, मागच्या वर्षीचे विजेते कोण आणि त्यांच्या फिल्म पुढे कुठे गेल्या ते शोधा. फिल्मफ्रीवेवरच्या पाच स्टार रिव्ह्यूंवर जाऊ नका, ते बहुतेक जिंकलेल्यांनीच लिहिलेले असतात. कुणी ऑस्कर क्वालिफाईंग म्हणत असेल तर ऑस्कर देणारी अकॅडमी स्वतः पात्र फेस्टिव्हलांची यादी साईटवर टाकते, त्यात नाव बघा. बंगळुरूचा शॉर्टफिल्म फेस्टिव्हल आहे त्या यादीत, विमानाचं तिकीट काढायची गरज नाही.

आता तुमच्या १० हजारांचं. तीस डॉलर म्हणजे बँकेचा परदेशी व्यवहाराचा मार्कअप धरून पावणेतीन हजारांच्या आसपास जातात, म्हणजे तीन एन्ट्रीत खेळ खलास. त्यापेक्षा फिल्मफ्रीवेवर फी नसलेल्यांचा फिल्टर लावता येतो तो लावा. जर्मनीतला ओबरहाऊजन, १९५४ पासूनचा, फक्त शॉर्टफिल्मचा, फी घेत नाही आणि तुमच्यासारखं कमी बोलणारं काम त्यांना आवडतं. आपल्याकडे मुंबईचा मिफ, १९९० पासून दर दोन वर्षांनी असतो, डॉक्युमेंटरी-शॉर्ट-ॲनिमेशनचाच, आता सरकारची एनएफडीसी बघते. तिरुवनंतपुरमचा आयडीएसएफएफके आहे, तोही डॉक्युमेंटरी-शॉर्टचा. अर्ली बर्डमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या कमी फीच्या मुदतीत भरा, तीच फिल्म शेवटच्या आठवड्यात महाग पडते. आणि निकाल लागेपर्यंत यूट्यूबवर पब्लिक करू नका, प्रीमियर अजून शिल्लक आहे का हे बरेच जण विचारतात.

रिकामटेकडा_रमण्या
वहिनी, वाचनखूण साठवली.

कोथरूडचे_काका
वहिनींशी सहमत, मी तेच म्हणत होतो. राष्ट्रीय पुरस्काराला पण टाका.

वहिनी_वर्सोवा
काका, त्याला सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं. ते काम वेगळं आणि खर्चही वेगळा.

साउंडवाला_बाबू
माझा साधा प्रश्न. पंपहाऊसमध्ये रात्रभर माणूस बसतो म्हणजे रेडिओ असणार. त्यावर काय वाजतंय?

जतचा_पंपवाला
आहे रेडिओ. एक जुनं भावगीत लागतं, दीडेक मिनिट. रेडिओवरच लागलेलं, आम्ही मुद्दाम नाही लावलं.

साउंडवाला_बाबू
झालं. मुद्दाम लावा नाहीतर आपोआप लागू दे, हक्क कंपनीचेच. फॉर्मवर गाण्याचे हक्क तुमच्याकडे आहेत असं तुम्हीच टिक करून देता. ऑनलाईन अवॉर्डवाले विचारणार नाहीत, पण खऱ्या फेस्टिव्हलला सिलेक्ट झालात तर कागद मागतात आणि तेव्हा धावाधाव होते. आत्ताच काढा, गावातल्या भजनी मंडळाकडून एखादा अभंग गाऊन घ्या, रेकॉर्ड करा आणि गाणाऱ्यांच्या सह्या घ्या. फोनवर करू नका. निदान झूम एच-फाईव्ह रेकॉर्डर तरी आणा, नाहीतर पाच-सहा हजारात माझ्या ओळखीचा मुलगा येईल.

सावकाश_सिनेमा
गाणं काढून नुसता पंपाचा आवाज ठेवा. जास्त आर्टहाऊस होईल.

चहाची_टपरी
लाईट नाहीये ना, पंप कुठून वाजणार 😂

सावकाश_सिनेमा
बरोबर. मग शांतता ठेवा.

पीसीएमसी_पोस्ट
डीसीपी, म्हणजे थेटरात दाखवायची डिजिटल कॉपी, करून ठेवा आत्ताच. आमच्या स्टुडिओत करून देतो, मंडळींसाठी डिस्काउंट.

एडिटर_निमा
डीसीपी सिलेक्ट झाल्यावर लागते, एन्ट्रीला ऑनलाईन लिंकच चालते. आणि डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. धाग्यावर धंदा नको. पंपवाले, सबटायटल्स केलीत का?

जतचा_पंपवाला
संवादच चार ओळींचे आहेत ताई, म्हणून नाही केली.

एडिटर_निमा
करा. त्या चार ओळींची करा आणि भिंतीवरच्या पाट्यांची पण. पाणी सोडायच्या वेळेचा बोर्ड दिसत असेल तर तो वाचता आल्याशिवाय जर्मन माणसाला हा बाबा कशाची वाट बघतोय ते कळणार कसं? इंग्रजी जमत असलेल्या माणसाकडून करून घ्या, ऑटोवाली नकोत.

फुकट_फौजदार
माझ्या फिल्मची ऑटोवर केली होती, "बाई गं" चं काय केलं होतं विचारू नका.

न्यूजर्सीचा_नाना
सबटायटल्स मी करून देतो, फुकट. पण सनडान्सला टाका.

चहाची_टपरी
धाग्याचा काश्मीर होऊन वाद पेटायच्या आत धागाकर्त्यांनी निर्णय सांगावा.

जतचा_पंपवाला
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. ठरलं ते सांगतो. वहिनींनी सांगितलेल्या फी नसलेल्या दोन-तीन ठिकाणी टाकतोय. फिल्म कापत नाही. रेडिओवरचं गाणं काढतोय, आमच्या भजनी मंडळाचे बुवा तयार आहेत, बाबू, तुमच्या ओळखीच्या मुलाचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा. नाना, सबटायटल्सची फाईल पाठवतो.

आणि एक ऑनलाईन अवॉर्ड पण भरला. शिव्या घालू नका. एकच कॅटेगरी, ट्रॉफीवाली. मामा बागाईतदार माणूस आहे, द्राक्षबागेच्या पैशातून त्यांनी फिल्मला पैसे दिले आणि त्यांना हॉलमध्ये शोकेसमध्ये ठेवायला काहीतरी पाहिजे. ओबरहाऊजन म्हटलं तर ते म्हणाले तिथून वस्तू काय येते? पुढची फिल्म पण त्यांच्याच पैशावर होणार आहे, त्यामुळे हा खर्च मी प्रॉडक्शनमध्ये धरलाय.

फुकट_फौजदार
एवढं सांगून! ट्रॉफी सांगलीत मिळते हो, अर्ध्या पैशात, वर नाव पण कोरून देतात.

जतचा_पंपवाला
मामांना इंग्लिशमधून कोरलेलं आणि परदेशातून कुरिअरने आलेलं पाहिजे.

वहिनी_वर्सोवा
ठीक आहे, पैसे तुमचे. फक्त ते लॉरेल बाकीच्या एन्ट्रीच्या पोस्टरवर लावू नका. आम्ही बघणारे ओळखतो ही दुकानं, आणि मग फिल्म सुरू व्हायच्या आधीच कपाळावर आठी येते.

कोथरूडचे_काका
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं ऑनलाईन नको. असो. पंपवाले, ब्लॅक अँड व्हाईट शूट केलीत की कलरमध्ये करून नंतर रंग काढला?

जतचा_पंपवाला
नंतर काढला काका.

सावकाश_सिनेमा
अरेरे.

एडिटर_निमा
त्यात अरेरे काय? डिजिटलवर सगळे तसंच करतात.

सावकाश_सिनेमा
सगळे नाही करत. वेगळा धागा काढतो ह्यावर.