मदत हवी आहे: ऑपरेशनची लॉगबुक मोबाईलवर कशी ठेवता?

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये जनरल सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात गंगापूर रोडवर पावसात अडकले, स्कूटरच्या डिकीत पाणी शिरलं आणि लॉगबुकची (शिकताना पाहिलेल्या-केलेल्या ऑपरेशनांच्या नोंदींची) कच्ची वही भिजली. शाईपेनाची हौस नडली. चार महिन्यांच्या केसेसचे निळे डाग झालेत. रोज ड्यूटी संपल्यावर ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) रजिस्टर चाळून नोंदी परत जमवतेय. ओटीतले ब्रदर म्हणतात, "मॅडम, रजिस्टर घरीच घेऊन जा."

एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२३ च्या नियमांत ई-लॉगबुक आहे, ती भरतेच. मला हवंय ते त्याच्या आधीचं. केस संपली, ग्लोव्हज काढले की पुढचा पेशंट टेबलवर येईपर्यंत टिपून होईल असं काहीतरी.

गूगल फॉर्म करून पाहिला. उत्तरं थेट शीटमध्ये जातात, इथवर झकास. पण आमच्या ओटीत नेटवर्क येत नाही, फॉर्म सबमिटच होत नाही. रूमवर जाऊन भरू म्हणते आणि झोपते. ऑपरेशनच्या नावाचा रकाना मोकळा ठेवला होता, त्यात मीच कधी 'लॅप कोली' (दुर्बिणीने पित्ताशय काढणं), कधी 'लॅपकोली', घाईत नुसतं 'एलसी' लिहिलंय. मोजायला बसले तर शीटच्या लेखी ती तीन वेगळी ऑपरेशनं! रात्री अकराला घेतलेलं अपेंडिक्सही दुसऱ्या दिवसाच्या तारखेवर पडलं.

आमचे एक सीनियर सरळ केसपेपरचा फोटो काढून ठेवतात. सोपं आहे, पण त्यात पेशंटचं नाव-पत्ता सगळं. माझे फोटो आपोआप गूगल फोटोजवर चढतात आणि तेच खातं आईच्या टॅबवरही आहे. नकोच वाटतं. जाणकारांनी सुचवा.

प्रतिसाद १
ॲपशीट बघा. स्वतःचं ॲप बनवायचं साधन, गूगलचंच आहे, तुमच्याच शीटवर बसतं. ऑफलाइन वापराची सेटिंग चालू केली की नोंद फोनमध्ये राहते, नेटवर्क आलं की सिंक करायचं. ऑपरेशनचं नाव टाइप करूच नका, ड्रॉपडाउन ठेवा. तारखेचा रकाना वेगळा घ्या. टाइमस्टॅम्प फॉर्म पाठवल्याची वेळ दाखवतो, ऑपरेशनची नाही.

प्रतिसाद २
अगं, नाव कशाला लागतं? आयपीडी नंबर (पेशंट भरती होताना मिळतो तो), वय, लिंग, निदान, ऑपरेशन पुरे. नंबरवरून फाइल सापडते. तोही बाहेर फिरवायचा नाही, शीट कोणाशी शेअर करू नकोस आणि आईच्या टॅबवरचं खातं तर मुळीच वापरू नकोस. तुझी भूमिका मात्र त्याच वेळी नोंदव: पाहिलं, असिस्ट केलं, सरांच्या देखरेखीखाली केलं की स्वतंत्र केलं. महिन्याने आठवायला बसलं की प्रत्येकाला आपण 'केलं'च असं वाटतं. मलाही वाटायचं. आणि गुंतागुंतीचा एक रकाना ठेव, रिकामा असला तरी.

धागाकर्ती
दोघांचे आभार. नवीन खातं काढून ॲपशीट बसवलं. काल तीन केसेस ओटीतच भरल्या, बाहेर जिन्यापाशी आल्यावर सिंक झाल्या. भूमिकेप्रमाणे आकडे शीटमधल्या काउंटइफ्स या मोजणीच्या सूत्राने निघतात. सरांना सही कागदावरच करायचीय, म्हणून दर शनिवारी एक पान प्रिंट काढणार.

आता एकच सांगा: दोन्ही बाजूंचा हर्निया एकाच वेळी केला, तर एक ओळ धरता की दोन?