मदत हवी आहे: उजनीसाठी २१ फुटी कॅटामरान घ्यावी की ३० फुटी?

भीमाकाठ_सोलापूर:
नमस्कार मंडळी. करमाळा तालुक्यातल्या उजनी धरणाच्या काठावरून नोव्हेंबर ते मार्च रोहित पक्षी दाखवायला पर्यटक न्यायचे आहेत. फायबरच्या दोन जुन्या कॅटामरान (दोन समांतर हलवर, म्हणजे तरंगत्या सांगाड्यांवर, डेक टाकलेल्या बोटी) बघून ठेवल्यात.

पहिली: लांबी ६.५ मीटर, एकूण रुंदी २.५ मीटर, प्रत्येक हल ६० सेंमी रुंद, १० माणसं, २५ एचपीची एकच मोटर मध्यभागी.
दुसरी: लांबी ९ मीटर, रुंदी ३.६ मीटर, हल ८० सेंमी, २० माणसं, दोन्ही हलवर एकेक २५ एचपी.

रिकामी असताना मधला डेक पाण्यापासून पहिलीला ३५ सेंमी, दुसरीला ६५ सेंमी वर आहे. दुसरीची किंमत जवळपास दुप्पट. हंगामाबाहेर तिच्यावर माणसं आणि मोटरसायकली पैलतीराला नेता येतील, असाही विचार आहे. कोणती घ्यावी?

हल_आणि_फायबर:
आसनांचा हिशेब बाजूला ठेवा. रोहितांचा थवा उठला की सगळे एकाच बाजूला धावतात. बोटीची निवड त्या क्षणावर करायची.

आकडे मांडून बघा. पहिलीची पाण्यातली लांबी ६ मीटर धरा. ६ × ०.६०, टोकं निमुळती असतात म्हणून गुणिले ०.८, म्हणजे एका हलचं पाण्याच्या पातळीवरचं क्षेत्रफळ २.८८ चौरस मीटर. एक हल १ सेंमी बुडायला सुमारे २९ किलो लागतात. १० माणसांचे ७५० किलो दोन्ही हलवर पसरले की बोट १३ सेंमी खाली बसते. ३५ मधून १३ गेले, डेक राहिला २२ सेंमीवर. आता सगळे एका कठड्याला गेले, तर त्या बाजूच्या हलवर आणखी ३९५ किलोच्या आसपास भार येतो आणि ती आणखी १४ सेंमी दबते. त्या बाजूला उरले ८ सेंमी. एवढ्यात साधी लाट डेकच्या पोटावर आपटते, पुढून पाणी वर येतं आणि घाबरलेली माणसं उठून उभी राहतात. खरा धोका तिथून सुरू होतो.

दुसरीचं तसंच करा: २० माणसांनी १४ सेंमी, सगळे एका बाजूला गेले की आणखी १४. तरी ३७ सेंमी शिल्लक. हलमधलं अंतर १.९ ऐवजी २.८ मीटर असल्याने ती कलतेही कमी, ८ अंशांऐवजी जेमतेम ६. पैसे परवडत असतील तर दुसरी. पहिलीच घ्यायची असेल तर ६ माणसांवर जाऊ नका.

मोटरसायकलींचा विचार मात्र सोडून द्या. एकेक गाडी ११०–१२० किलोची, त्यात भार उंचावर आणि कडेला.

वारा_पाहून:
वरच्यांच्या आकड्यांत वारा धरलेला नाही. ताशी ६० किमीच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण १७ किलो असतो. छताला उन्हासाठी बाजूने ९ चौरस मीटर ताडपत्री बांधली तर दीडशे किलोंचा आडवा रेटा, तोही उंचावर. वर छत चालेल, बाजूचे पडदे नकोत. २१ मे २०२४ ला उजनीतच कुगाव–कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर बोट काढूच नका, आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात हवं, बाकाखाली नको.

दोन मोटरी हा दुसरीचा मोठा फायदा. जलपर्णी किंवा जाळं अडकून एक बंद पडली तरी दुसरीवर काठ गाठता येतो. मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार मागून पडतेय ना, हे दर फेरीला बघा. धार थांबली की लगेच मोटर बंद करून इनटेकची (पाणी आत घेणाऱ्या तोंडाची) जाळी साफ करा. इम्पेलर (ते पाणी खेचणारा पंपातला पंखा) आणि प्रोपेलर एकेक जास्तीचे जवळ ठेवा.

भीमाकाठ_सोलापूर:
खूप आभार. म्हणजे दुसरीच. पण ३.६ मीटर रुंद बोट रस्त्याने आणायची कशी? आणि जुनी आहे, तर तपासताना काय बघू?

हल_आणि_फायबर:
अखंड आणू नका, रस्त्यावरच्या वाहनाला २.६ मीटरची मर्यादा आहे. दोन हल जोडणारे आडवे बीम बोल्टने जोडलेले असतील तर सोडवून दोन हल एकाच ट्रकमध्ये येतात. बीम फायबरनेच चिकटवलेले असतील तर हा सौदा टाळलेला बरा.

जोडताना सपाट जागा बघा. पुढचं आणि मागचं हलमधलं अंतर सारखं हवं, दोन्ही कर्णही सारखे. हल समांतर नसतील तर बोट एका बाजूला ओढते आणि पेट्रोल फुकट जातं. बोल्ट स्टेनलेस ३१६ चे, नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेल्या) नटसह. पहिल्या दहा तासांनंतर पुन्हा आवळा.

तपासताना रुपयाचं नाणं घेऊन सगळ्या हलवर ठोकत जा. टणटणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर आत थर सुटलेत किंवा प्लायवूड भिजलंय. मोटरची पाठफळी आणि बीम हलला मिळतो ती जागा सगळ्यात आधी बघा. तिथे कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असतील तर वरून रंग मारून भागत नाही, घासून नवे थर द्यावे लागतात. प्रत्येक हलमध्ये किमान तीन बंद कप्पे हवेत. झाकणं उघडून आत हात घाला, ओल लागली तर पाणी कुठून येतं ते शोधल्याशिवाय विसार देऊ नका.

काठावरचा_माणूस:
धक्का पक्का बांधू नका. उजनीची पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर, मृतसाठ्याची ४९१.०३. म्हणजे ५.८ मीटर उतार. काठ चाळीसास एक असा सपाट असेल तर पाणी २३० मीटर मागे जातं, मधे नुसता गाळ. पिंपांवर तरंगणारा, ओढून पुढे नेता येणारा धक्का करा. पाणी उतरलं की बुडालेल्या बाभळींचे बुंधे वर येतात, त्यांच्यावर बांबू रोवून खुणा करा.

इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ खाली बोटीचं सर्वेक्षण (तपासणी) आणि नोंदणी लागेल, जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. किती माणसं न्यायची, तो आकडा सर्वेक्षणात ठरेल. विकणारा सांगतो तो २० धरून तिकिटाचा हिशेब मांडू नका.