मदत हवी आहे : नववीच्या वर्गात 'अँटिगनी'

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं 'अँटिगनी' नववीच्या मुलांसोबत वाचतेय. मराठी माध्यम, ३५ मिनिटांची तासिका, प्रोजेक्टर नाही. नाटक बसवायचं नाही, फक्त वाचायचंय. अँटिगनीचा बाप ईडिपस, त्याच्या घराण्याची गोष्ट आधी सांगितली. अँटिगनी आणि तिच्या बहिणीचा पहिला प्रवेश मुलींनी फार सुरेख वाचला. त्यांचा भाऊ पॉलिनायसीस याच्या प्रेतावर मूठभर माती टाकायलाही राजा क्रेऑनची बंदी, हे कळल्यावर वर्ग पेटलाच! पण तेव्हापासून क्रेऑन सगळ्यांना निव्वळ खलनायक वाटतो. पॉलिनायसीस परकी फौज घेऊन थीब्ज या आपल्याच शहरावर चालून आला होता, हे सांगूनही फरक नाही. वादविवाद ठेवला, तर क्रेऑनच्या बाजूने कुणी उठेना. शोकांतिकेचा जीव अँटिगनी आणि क्रेऑन यांच्या टकरीतच आहे. आता क्रेऑनचं पहिलं भाषण सावकाश वाचून घेऊ, की थेट क्रेऑनचा मुलगा हेमॉन बापाशी वाद घालतो तो प्रवेश?