स्टाफ नर्स म्हणून नवीन लागले आहे, सात पेशंट एकत्र सांभाळता येत नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. यंदा बी.एस्सी. नर्सिंग झालं, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि नवी मुंबईतल्या एका खाजगी हॉस्पिटलात लागले. कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने नेरुळ. प्रवासाचं काही नाही, ठाण्याला बसायला मिळतं.

त्रास वॉर्डातला आहे. शेवटच्या सेमिस्टरला 22 आठवड्यांची इंटर्नशिप केली. कॅथेटर, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), ड्रेसिंग, सगळं लॉगबुकात सह्यांसकट आहे. पण तेव्हा वाट्याला एक-दोन पेशंट, मागे मॅडम उभ्या, आणि केअर प्लॅन लिहायला अख्खी दुपार.

आता सात पेशंट. परवा दहाची औषधं द्यायला घेतली आणि चार नंबरचा सलाईन-औषध सोडणारा पंप वाजायला लागला. तिथे पोचते तोवर सातचे नातेवाईक डिस्चार्जचं विचारायला हजर, एक्स-रेला न्यायला वॉर्डबॉय मामा व्हीलचेअर घेऊन दारात. या गडबडीत नऊ नंबरचं अँटिबायोटिक साडेअकराला गेलं. पेशंटला काही झालं नाही, पण ओव्हरच्या वेळी, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवताना, इनचार्ज सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "डिग्रीवाल्यांना एवढंही येत नाही." माझ्या जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या मैत्रिणीचीही तीच गत आहे, मग डिग्रीचा काय संबंध? ओरिएंटेशन दोनच दिवसांचं होतं, त्यातला अर्धा दिवस बिलात कॉटन-सिरिंज कशा चढवायच्या यात गेला.

कुठलं काम आधी हे तुम्ही कसं शिकलात? डॉक्टर फोनवर ऑर्डर देतात तेव्हा डोस नीट ऐकू येत नाही आणि परत विचारायची भीती वाटते, तिथे काय करता? पेशंट कमी असतात म्हणून आयसीयूला बदली मागू का? "नोकरी सोड" एवढं सांगू नका, ते घरी रोज ऐकते.

प्रतिसाद:
अगं, ठाण्यात 18 वर्षं वॉर्डात काढली, माझंही पहिल्या महिन्यात हेच झालं होतं. ओव्हर घेतानाच खिशातल्या कागदावर बेड नंबर उभे आणि तास आडवे मांडून घे, काम झालं की काट मार. पंप वाजला की आधी पेशंटकडे बघ, मग पंपाकडे. डिस्चार्जवाले दहा मिनिटं थांबू शकतात, अँटिबायोटिक नाही. फोनवरची ऑर्डर लिहून घे, परत वाचून दाखव, "फिफ्टीन म्हणजे एक-पाच ना सर?" असं स्पष्ट विचार. ओरडले तर ओरडू देत. राउंडला आले की त्या ऑर्डरवर सही घ्यायला विसरू नकोस. आयसीयूचं सहा महिन्यांनी बघ, तिथे पेशंट कमी पण चुकायला जागाही कमी.