खाडीवरचा माणसाचा परिणाम मोजायचा कुठे: पाण्यात की गाळात?

गाळवाचक
महिन्यातून एकदा बाटलीभर पाणी नेऊन खाडीची तब्येत ठरवणं बंद करावं, असं माझं ठाम मत आहे. एकाच जागी सहा तासांत क्षारता (हजार भाग पाण्यात क्षारांचे भाग) ५ वरून ३० वर जाऊ शकते. मग बाटलीत उतरलं ते प्रदूषण की नुसती ओहोटीची वेळ? गाळातले पॉलिकीट कृमी आणि शिंपले मात्र जागा सोडून पळत नाहीत. गेल्या कित्येक महिन्यांत जे झालं ते त्यांनी सोसलेलं असतं. पिअरसन आणि रोझेनबर्ग यांनी १९७८ मध्ये दाखवलेला क्रम आजही दिसतो: सेंद्रिय भार वाढला की मोठे, खोल बिळं करणारे प्राणी आधी जातात आणि शेवटी कॅपिटेलासारखे बारीक कृमी हजारोंनी उरतात.

काम मात्र नीट हवं. ०.१ चौरस मीटरचा व्हॅन व्हीन ग्रॅब (तळाचा गाळ दोन जबड्यांत उचलणारं साधन), प्रत्येक ठिकाणी किमान तीन वेळा. जबड्यात शिंपला अडकून फट राहिली तर तो नमुना सरळ फेकायचा, कारण वर येताना वरचा मऊ थर धुऊन गेलेला असतो आणि बहुतेक जीव तिथेच असतात. चाळण ०.५ मिलिमीटरची. १ मिलिमीटरची घेतली तर काम निम्म्यावर येतं खरं, पण पिल्लं आणि नेमके ते बारीक कृमी खालून निसटतात. नमुना टिकवायच्या १० टक्के फॉर्मलिनमध्ये बोरॅक्स घालायला विसरू नका, नाहीतर आम्लामुळे छोट्या शिंपल्यांची कवचं विरघळतात. त्यात रोझ बेंगॉल हा रंग टाकला की जीव गुलाबी दिसतात, निवडणं सोपं जातं.

नदीमुख
पद्धतीबद्दल वाद नाही, निष्कर्षाबद्दल आहे. खाडी मुळातच कठीण जागा. रेमाने यांनी १९३४ मध्येच दाखवलं की ५ ते ८ क्षारतेच्या पट्ट्यात प्रजाती सर्वांत कमी असतात. गोड्या पाण्यातल्यांना ते खारट, समुद्रातल्यांना अळणी. तिथे थोड्याच चिवट प्रजाती उरतात आणि त्या भरमसाट असतात. प्रदूषित गाळही अगदी असाच दिसतो! इलियट आणि क्विंटिनो यांनी २००७ मध्ये यालाच खाडीच्या गुणवत्तेचा विरोधाभास म्हटलं. २००० साली आलेला एएमबीआय निर्देशांक प्राण्यांना सहनशक्तीनुसार पाच गटांत टाकतो. खाडीच्या वरच्या टोकाला ऑलिगोकीट (गांडुळांच्या गटातले, सहनशील गणले जाणारे कृमी) जास्त, म्हणून स्वच्छ जागाही 'खराब' ठरते. असा शेरा हातात घेऊन कुणाला जाब विचारणार?

शिवाय गाळ 'बिघडलंय' एवढंच सांगतो, 'कशामुळे' हे पाणीच सांगतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या टँपा बेमध्ये नायट्रोजन आणि क्लोरोफिलवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, सांडपाण्याची प्रक्रिया सुधारली आणि २०१४ पर्यंत समुद्रगवत ३८,००० एकरांच्या उद्दिष्टापलीकडे गेलं. बाटली नको असेल तर दर १५ मिनिटांनी नोंद घेणारा सेन्सर लावा.

गाळवाचक
टँपा बेचं पुढचंही सांगा. २०१६ नंतर तिथलं गवत पुन्हा घटलं.
आणि सेन्सर लावून विसरता येत नाही. कोमट पाण्यात दोन-तीन आठवड्यांत त्यावर शेवाळ आणि बार्नकल (घट्ट चिकटणारे कवचधारी जीव) चढतात, आकडे हळूहळू सरकतात, आणि आलेखात ते प्राणवायू घटल्यासारखं दिसतं. काढताना स्वच्छ करण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा शेजारी दुसऱ्या उपकरणाने मोजलं नसेल तर ती सरकती चूक वजा कशी करणार? ऑलिगोकीटचा मुद्दा मात्र मान्य. म्हणूनच तुलना एकाच क्षारता-पट्ट्यात करावी. वरच्या टोकाची मुखाशी कधीच नाही.

नदीमुख
पट्टा एक असला तरी गाळ एक असतो का? ६३ मायक्रॉनहून बारीक कण ८० टक्के असलेला चिखल आणि २० टक्के असलेली रेती यांत प्राणी वेगळे असणारच. धातूंचंही तेच. चिखलात जस्त जास्त निघालं म्हणून कारखान्यावर बोट दाखवता येत नाही, कारण बारीक कण मुळातच धातू जास्त धरतात. आधी ॲल्युमिनियमशी (ते बारीक कणांच्या प्रमाणाचं माप म्हणून चालतं) गुणोत्तर काढा, मग बोला.
प्राणवायू पहाटे आणि तळाशी मोजावा लागतो. रात्रभर श्वसन चालू, प्रकाशसंश्लेषण बंद, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे पळतात. दुपारी पृष्ठभागावर ८ भरेल आणि सगळं छान वाटेल.

उधाण_भांग
दोघांचा वाद साधनावर अडकलाय. तुलना कशाशी करताय? बंदर होण्याआधी आणि झाल्यानंतर एकाच जागी मोजलं तर फरक पावसाचाही असू शकतो. एका नियंत्रण-जागेनेही (जिथे तो परिणाम पोचत नाही अशी तुलनेची जागा) भागत नाही, कारण दोन जागा आपापल्या वाटेने बदलतातच. अंडरवुड यांनी १९९० च्या दशकात हेच लावून धरलं: परिणामाची जागा एक असली तरी नियंत्रण-जागा अनेक हव्यात. आणि सगळे नमुने भरतीच्या एकाच टप्प्यावर घ्या. उधाणाचे (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचे) आकडे भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या) आकड्यांशी लावले तर सगळी मेहनत पाण्यात.

नदीमुख
अनेक नियंत्रण-खाड्या आणायच्या कुठून? जिच्यात माणसाचा हात लागलेला नाही अशी खाडी आता शोधून सापडत नाही.

उधाण_भांग
म्हणून उतार घ्या. सांडपाण्याच्या तोंडापासून ५०, १००, २००, ४००, ८०० मीटर असं अंतर दुप्पट करत जा, भरतीच्या दिशेला आणि ओहोटीच्याही. प्रत्येक ठिकाणी क्षारता आणि कणांचा आकार सोबत मोजा. त्या दोन्हींचा वाटा काढूनही अंतरानुसार प्राणी बदलत असतील तर तो परिणाम तोंडाचाच. पुरात वाहून येणाऱ्या मातीला हे लागू नाही. न्यूझीलंडच्या खाड्यांतल्या प्रयोगांत जमिनीवरच्या चिकणमातीचा काही सेंटिमीटरचा थर पडला तरी खालचा गाळ गुदमरला आणि काही दिवसांत बहुतेक प्राणी मेले. असा थर एका पुरात येतो आणि खाडीभर पसरतो. तिथे अंतराचा उतार उरतच नाही.

गाळवाचक
तिथे गाभाच (नळीने काढलेला गाळाचा उभा नमुना) काढावा लागेल. गाळातल्या किरणोत्सारी शिसे-२१० चं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, म्हणजे साधारण शतकभराचा गाळ वाचता येतो. अणुचाचण्यांतून आलेल्या सीझियम-१३७ चं शिखर १९६३ च्या सुमाराचं, त्याने वयाचा ताळा बसतो. फक्त गाभा काढताना नळी हळू दाबा. घाईत वरचा गाळ चेपला जातो, आणि अलीकडची दहा वर्षंच चुकतात.