फौंड्रीत मास्क वाटले की मालकाची जबाबदारी संपते का?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात ज्याचा कोणी ना कोणी फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, नाही असा माणूस विरळाच. माझं मत आधीच सांगून टाकतो. फेटलिंग शॉपच्या, म्हणजे कास्टिंग (ओतलेला भाग) घासून साफ करतात त्या विभागाच्या, दारात मास्कचा बॉक्स ठेवला म्हणजे सुरक्षा झाली, हे मला मान्य नाही. धूळ जिथे उडते तिथेच ओढून घेतली पाहिजे आणि तो खर्च कास्टिंगच्या किलोच्या दरात धरला गेला पाहिजे.

नॉकआउटवरून, म्हणजे वाळूचा साचा फोडतात तिथून, आलेल्या कास्टिंगला वाळू चिकटलेली असते. चौदाशे अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड लागून तिचे कण आधीच तडकलेले असतात. त्यावर फेटलर सात इंची ग्राइंडर लावतो, रनर-रायझरचे (रस ओतायच्या वाटांचे) बुडखे घासतो. ठिणग्या दिसतात, जाड धूळ पायाशी पडते. फुप्फुसात खोलवर जाऊन बसणारी वाळूतली बारीक सिलिका मात्र डोळ्यांना दिसतच नाही आणि तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. तिच्यामुळे होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, एकदा झाला की बरा होत नाही. काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो.

शिफ्ट सुटताना तर बघवत नाही. एअर लाइनची नळी घेऊन पोरं एकमेकांच्या अंगावरची धूळ झटकतात. दिवसभर कपड्यांवर बसलेली सगळी धूळ पुन्हा नाकासमोर.

गाळामालक

तुमचा मुद्दा खरा आहे, पण सगळं खापर मालकावर फोडू नका. माझी छोटी जॉबिंग फौंड्री आहे, दुसऱ्यांच्या ऑर्डरवर माल ओतून देणारी. चांगले, फिल्टरवाले मास्क मी आणले. दुपारी शॉपमध्ये जाऊन बघावं तर निम्मे गळ्यात लोंबतायत. सुपरवायझरने दर तासाला ओरडत फिरायचं का?

डस्ट कलेक्टर म्हणाल तर फक्त यंत्र विकत घेऊन भागत नाही. डक्टिंग आलं, फिल्टर बॅग आल्या, दिवसभर चालणाऱ्या ब्लोअरचं वीजबिल आलं. मोठी कंपनी आमच्याकडून माल घेते ती दरवर्षी रेट कमी करा म्हणत. पिग आयर्न (कच्चं लोखंड) वाढलं तर दर वाढवून घेताना नाकी नऊ येतात. यात धुळीचा खर्च कोण देणार?

रानवारा

डॉक्टर म्हणून लिहितोय. माणूस खोकला, दम आणि घटलेलं वजन घेऊन येतो. एक्स-रेत फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसतात आणि टीबीची औषधं सुरू होतात. "काम काय करता?" हे विचारलंच जात नाही. सिलिकोसिसमुळे टीबीचा धोका वाढतो, त्यामुळे दोन्ही एकत्रही असू शकतात. म्हणूनच कामाचा इतिहास विचारायलाच हवा.

सिलिकोसिस हा सरकारला कळवण्याजोगा आजार आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात होता, २०२० च्या नव्या संहितेतही आहे. नुकसानभरपाईच्या कायद्यातही त्याची नोंद आहे. पण तोवर माणसाने पाच ठिकाणी कामं केलेली असतात, तीही ठेकेदाराच्या नावावर. कुठल्या शॉपमध्ये किती वर्षं धूळ खाल्ली याचा कागदच नसतो. अमेरिकेने २०१६ मध्ये श्वासातून जाणाऱ्या सिलिकेची मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅमवर आणली. आपल्याकडे निदान मोजायला तरी सुरुवात करा.

गाळामालक

अमेरिकेची मर्यादा आम्हाला लावणार असाल तर किलोचा दरही तिथलाच द्या.

फेटलिंगवाला

मी रोज ग्राइंडर मारतो म्हणून बोलतो. मालक म्हणतात मास्क गळ्यात लोंबतो. उन्हाळ्यात पत्र्याखाली लावून बघा. घामानं मास्क ओला झाला की श्वास ओढायलाच जड जातो. आम्हाला पैसे टनावर. दम खायला थांबलो की तेवढा माल कमी.

डॉक्टरसाहेब, तुमचंही पटत नाही. एक्स-रे काढा म्हणता, मोजा म्हणता. आमच्यातल्या एकाच्या रिपोर्टवर 'अनफिट' आलं, दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं गेटवरूनच परत पाठवलं. औषध नाही, पैसे नाहीत, हजेरीपण गेली. तेव्हापासून तपासणीची गाडी आली की निम्मी पोरं सुट्टी टाकतात. ती अडाणी आहेत म्हणून नाही.

भट्टीसमोर

धूळ वाईटच, पण ती दहा-पंधरा वर्षांनी मारते. भट्टी एका क्षणात मारते. माझ्या मते खर्च आधी इकडे करा. पावसाळ्यात स्क्रॅप उघड्यावर भिजतं, तेच विजेवरच्या भट्टीत, इंडक्शन फर्नेसमध्ये, पडतं. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. ते पाणी वितळलेल्या लोखंडाखाली सापडलं तर रस बाहेर उसळतो. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप किंवा जुना शॉकअॅब्सॉर्बर स्क्रॅपमध्ये आला तरी तीच गत. स्क्रॅपवर शेड, निवडायला एक माणूस, लॅडल (रस ओतायचं भांडं) पूर्ण सुकवून तापवणं, यात कोट्यवधी लागत नाहीत.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

भट्टीवाल्या दादा, शेड तर उद्याच व्हावी. पण धूळ उशिरा मारते म्हणून तिचा नंबर मागे, हे मी मानणार नाही. उशिरा मारते म्हणूनच तिची जबाबदारी कोणी घेत नाही.

गाळामालक, खरेदीदार कंपन्यांचे ऑडिटर तुमच्याकडे येतात, वाळूचा मॉइश्चर रिपोर्ट मागतात, रिजेक्शनचे आकडे मागतात. त्याच दिवशी त्यांनी फेटलिंगच्या हवेचा रिपोर्ट मागावा आणि त्याचे पैसे दरात वेगळे दाखवून द्यावेत. तुमच्या असोसिएशनने ही मागणी एकत्र केली तर एकट्याची ऑर्डर जाणार नाही. मी एका ठिकाणी ब्लोअर फक्त ऑडिटच्या दिवशी चालू झालेला पाहिलाय. तिथे यंत्राचा खर्च झाला होता, वाचवली होती ती फक्त वीज.

फेटलिंगवाले भाऊ, तुमचं सगळ्यात महत्त्वाचं. 'अनफिट' आलेल्याला त्याच पगारावर धूळ नसलेल्या कामावर घ्यायचं, हे लेखी ठरल्याशिवाय तपासणीची गाडी गेटच्या आत येऊच नये.

गाळामालक

लेखी देणं जड आहे. माझ्याकडे धूळ नसलेली कामं आहेतच किती? धूळ खाली ओढून घेणाऱ्या डाउनड्राफ्ट टेबलचं कोटेशन मात्र मागवतो. दोन फेटलरमागे एक टेबल धरलं तर किलोला किती पडतं ते काढून इथे टाकतो.

फेटलिंगवाला

टाका. टेबलवर जॉब चढवायला-उतरवायला वेळ जाणार, तो टनाच्या रेटमध्ये कुठे धरणार तेपण त्यात लिहा.